पाहणारं माणूस

तातेरावांच्या मेंदूचा आलेख सुरळीत होता. खाडा होता तो माझा. अकरा बेचाळीसला मी 'डोळे बंद' अशी नोंद टाकली होती आणि त्यानंतरची नोंद थेट अकरा पंचेचाळीसची, 'डोळे उघडले'. मधली तीन मिनिटं कोरी. अकरा वर्षं झाली, जालन्यातल्या या दवाखान्यात मी ईईजी काढते, म्हणजे लोकांच्या डोक्याला वायरी चिकटवून मेंदूतल्या विजेचा आलेख उतरवून घेते. दर अर्ध्या मिनिटाला काहीतरी टिपायचं ही माझी खोड आहे. रुग्ण खोकला, मान हलली, बाहेर ट्रकनं हॉर्न वाजवला, पंखा थांबला. आदिनाथ सर, म्हणजे आमचे डॉक्टर, थट्टा करतात की माझ्या नोंदी वाचल्या की रुग्णापेक्षा अंबड रोडची जास्त खबर मिळते. त्या दिवशी तीन मिनिटं अंबड रोडवर काहीच घडलं नव्हतं. अंतरवालीहून सकाळच्या गाडीनं आलेले तातेराव डोळे मिटून निमूट पडले होते. ते म्हणाले, "ताई, उघडू का आता? लई वेळ झाला." मी उघडा म्हटलं, नोंद टाकली आणि पुढचं काम चालू ठेवलं. दुपारी सर अहवाल लिहायला बसले तेव्हा त्यांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, इथं डुलकी लागली होती का. मी हसले आणि माऊस अडकला होता म्हणून सांगितलं. इतकं सहज खोटं मी बऱ्याच वर्षांत बोलले नव्हते.

माऊस अडकला नव्हता. घरी जाताना मी ती तीन मिनिटं आठवून पाहिली आणि आठवायला काहीच हाती लागेना. असा खाडा म्हणजे अंधार असेल असं लोकांना वाटतं, मलाही वाटायचं. पण अंधार झाला तर निदान अंधार झाल्याचं कळतं. इथं बेचाळीसला पंचेचाळीस असं काही चिकटलं होतं की मधे शिवणसुद्धा लागत नव्हती. तातेराव डोळे मिटून होते. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. नातेवाइकांना मीच बाहेर बसवते. मग आधीचंही एकेक आठवायला लागलं. ओट्यावर उतू गेलेलं दूध, जे उतू जाताना मी समोरच उभी होते. मोसंबीवाल्याचा विचित्र चेहरा, आणि त्याचं विचारणं, बाई, घेता का ठेवता. दिवाळीनंतर एकदा जिभेची कड चावली गेली होती, कशी ते कळलं नव्हतं. दुसऱ्या कुणी हे मला सांगितलं असतं तर मी त्याला बसवून घेतलं असतं आणि हळू आवाजात म्हटलं असतं, हे बघा, झटका म्हणजे दरवेळी खाली पडून हातपाय झाडणंच नसतं. हे वाक्य मी आजवर हजारदा म्हटलं असेल. स्वतःला म्हणून पाहिलं तेव्हा ते फार पुस्तकी वाटलं.

आमच्या शास्त्राची अडचण अशी की ज्याला झटका येतो त्यालाच त्यातलं काही ठाऊक नसतं. आलेख काढला तरी त्या अर्ध्या तासात मेंदू शहाण्यासारखा वागला तर आलेख स्वच्छ येतो आणि आजार तसाच राहतो. म्हणून दवाखान्यात पहिला प्रश्न रुग्णाला नसतो. पाहणारं माणूस कोण आहे, असं विचारतात. ते आणलं नसेल तर आम्ही परत पाठवतो, फोन लावायला सांगतो, शेजाऱ्याला धरून आणायला लावतो. घनसावंगीकडून एका रुग्णामागे जीपभर माणसं येतात आणि प्रत्येकानं पाहिलेलं वेगळं असतं. चुलता म्हणतो डावा हात वाकडा झाला, मेहुणा म्हणतो उजवा, आणि दोघांचं तिथंच जुंपतं. कांदा कुणी हुंगवला आणि चप्पल कुणी, यावरून मानापमान होतात. एकदा एका म्हातारीनं मुलाचा झटका फरशीवर पडून असा हुबेहूब करून दाखवला की सरांनी तिथल्या तिथे निदान केलं. तेव्हा मला हसू आलं होतं. आता वाटतं, केवढी श्रीमंती त्या पोराची, की त्याचं डोळे फिरवणं, दात आवळणं, लाळ गळणं सगळं कुणीतरी पाठ करून ठेवलेलं होतं.

माझ्याकडे असं कुणी नाही. हे मी कुरकुर म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगते. वय त्रेचाळीस, मागच्या गल्लीत दोन खोल्या, आई जाऊन सहा वर्षं झाली. भाऊ राजानंद पुण्यात आहे, सणाला फोन करतो आणि जेवतेस ना नीट, एवढं विचारतो. दिवसभरात माझा स्पर्श होतो तो लोकांच्या डोक्यांना. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावायची, लाल पेन्सिलीनं खुणा करायच्या, केसांचा भांग पाडून पांढरी पेस्ट चोळायची. आदल्या दिवशी डोकं धुवा, तेल लावू नका, असं आम्ही चिठ्ठीवर लिहून देतो. बाया डोकं धुतात आणि निघताना तेल चोपडतातच. मोकळ्या, कोरड्या केसांनी घराबाहेर पडायचं म्हणजे घरात कुणी गेल्यासारखं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मग आम्ही त्यांचं डोकं बेसिनवर पुन्हा धुतो. पाणी कांताबाई ओततात, मी चोळते. कांताबाई म्हणजे आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या, हसनाबादच्या, साठीला टेकलेल्या. एवढी डोकी मी हातांत घेतली, पण माझ्या डोक्यावरून शेवटचा हात कुणी फिरवला ते आठवायला बसावं लागतं. तो बहुतेक पार्लरवालीचा असेल.

मी स्कूटी लावून ठेवली. पाय मोकळे होतात म्हणून चालत येते, असं सगळ्यांना सांगितलं. आंघोळीला दाराची कडी लावणं सोडलं. घरात कुणी नसताना कडी न लावता आंघोळ करायची यात काहीतरी हास्यास्पद आहे हे मला कळत होतं, कारण वाचवायला येणार कोण, पण मी ते केलं. मग एका रविवारी मोबाइल फडताळात डब्यांच्या मधे उभा केला आणि स्वतःचं चित्रण लावलं. म्हटलं, पाहणारं माणूस नाही तर निदान पाहणारं यंत्र असू दे. सकाळी आठ ते बारा, जागा संपेपर्यंत. दुपारी जेवण झाल्यावर ते बघायला बसले. एक बाई पोहे करते. एक बाई पोहे खाते. एक बाई खिडकीशी उभी राहते, परत येते, मोबाइल चालू आहे की नाही बघायला तोंड जवळ आणते, तेव्हा तिचं नाक मोठं दिसतं. नंतर ती खाटेवर बसते आणि बराच वेळ बसूनच राहते. मी घाईनं पुढं सरकवायला गेले आणि थांबले, कारण इथंच असू शकत होतं. डोळ्यांत तेल घालून पाहिलं. ती पापण्या लववत होती, एकदा पाय खाजवला, एकदा उसासा टाकला. ती नुसती बसली होती. झटका आला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. माझ्या रविवारी काही घडत नाही हे ठाऊक होतंच, पण ते मला चार तास बसून बघावं लागेल असं वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी संपतला फोन केला. संपत माझा नवरा होता, दोन वर्षं. परभणीकडे शाळेत शिकवतो. आमचं भांडण असं झालंच नव्हतं. एक दिवस तो म्हणाला, आपलं जमत नाही, आणि मलाही त्यावर काही सुचलं नाही. चौदा वर्षांनी फोन केल्यावर माणूस आधी घाबरतो. कोण गेलं, असंच त्यानं विचारलं. कुणी गेलं नाही म्हटलं, आणि सरळ कामाचं विचारलं, मी कधी बोलता बोलता थांबायचे का, एकटक बघायचे का. पलीकडे टीव्ही चालू होता, तो त्यानं बंद केला. म्हणाला, "थांबायचीस ना. मी काही बोलायला लागलो की भिंतीकडे बघत राह्यचीस. मला वाटायचं, ही आपल्याला मोजतच न्हाई." मी विचारलं, तेव्हा ओठ हलायचे का, हात कुठे असायचे. तो म्हणाला, इतक्या वर्षांनी हात कुठे होते ते कुणाला आठवेल. मग त्यानं विचारलं, "काउन? तसं नव्हतं का ते?" तसं असेलही. मी खरोखर त्याचा कंटाळा करत असेन आणि भिंतीकडे बघत असेन. त्याच्या बोलण्यात कंटाळा येण्यासारखं पुष्कळ होतं. नाहीतर तेव्हापासूनच माझी मिनिटं गळत होती आणि त्यानं ती स्वतःच्या अपमानात जमा केली. दोन्हींत फरक करायचा तर ओठ हलत होते की नाही हे कळायला हवं होतं. फोन ठेवल्यावर मी रडले. संपतसाठी रडले की मोबाइलमधल्या त्या बाईसाठी, हे मी तपासलं नाही.

सोमवारी सरांना सांगितलं, माऊसच्या खोट्यासकट. ते रागावले नाहीत. म्हणाले, चला, तुमचाच आलेख काढू. गंमत म्हणजे त्यांनी आयुष्यात कधी वायर चिकटवली नव्हती. मी आरशात बघत पुढच्या लावल्या, मागच्या त्यांनी माझ्या सांगण्यावरून लावल्या, पेस्ट माझ्या कॉलरवर सांडली, सगळ्याला दीड तास गेला. आलेख स्वच्छ आला. एमआरआयही नीट आला. सर चष्मा पुसत म्हणाले की स्वच्छ आलेखाला काय अर्थ असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. गोळी सुरू करायची तर वर्षानुवर्षं घ्यावी लागते, ती नुसत्या अंदाजावर लिहिता येत नाही. नाही लिहिली आणि खरंच झटके असले तर एक दिवस तुम्ही रस्त्यात पडाल. पाहणारं कुणी मिळालं तर बघा. मी बरं म्हटलं. रुग्णांना हे मी किती सहज सांगत आले होते. त्यांतला एखादा दुसऱ्यांदा कधीच यायचा नाही, तेव्हा मी रजिस्टरवर 'पाठपुरावा नाही' असं लिहून मोकळी व्हायचे.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी दुपारच्या वेळेची गोष्ट. मी टेबलाशी पेस्टच्या वाट्या पुसत होते. मग एकदम कांताबाईंचा आवाज कानावर आला, आणि तो मधूनच सुरू झाल्यासारखा आला. त्या दारात पाठमोऱ्या उभ्या होत्या, दोन्ही हात चौकटीला लावून, आणि बाहेरच्या कुणा बाईला दबक्या आवाजात सांगत होत्या, "दोन मिन्टं थांबा न् माय. म्याडम ध्यानात हायेत." माझ्या हातातली वाटी खाली फरशीवर होती. ती पडल्याचा आवाज मी ऐकला नव्हता. मी हाक मारली तशा कांताबाई वळल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळं हसू आलं, देवघरात चुकून पाय पडावा तसं. म्हणाल्या, "झालं का तुमचं? मी कुणाला येऊ देल्तं न्हाई."

त्यांच्याकडून सगळं काढायला मला वेळ लागला, कारण त्यांना वाटत होतं मी परीक्षा घेते आहे. मागच्या वर्षी मी दहा दिवसांची रजा टाकून विपश्यनेच्या शिबिराला गेले होते. शिवाय माझ्या घरात बुद्धाची तसबीर आहे हे दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक. कांताबाईंनी शिबिराबद्दल विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं की तिथं कुणी कुणाशी बोलायचं नाही, मध्ये हाक मारायची नाही, नुसतं बसायचं. त्यांनी ते मनावर घेतलं. दिवाळीच्या मागून मी अशी थांबलेली त्यांना दिसायला लागले तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं की म्याडमचं साधलं. मग त्या दारात उभ्या राहायच्या. औषधवाल्या पोऱ्यांना अडवायच्या, पंख्याचा आवाज होतो म्हणून पंखा बंद करायच्या. तातेरावांच्या दिवशीही त्या दाराशी होत्या आणि त्यांनी पोछासुद्धा पाण्यात बुडवला नव्हता. मी विचारलं, मग मला एकदाही का बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "ध्यानाचं कुणी बोलून दाखवतं का, म्याडम? बोललं का मोडतं ते." इतके दिवस मी पाहणारं माणूस शोधत होते, पार परभणीपर्यंत फोन लावून झाला, आणि ते माझ्या दारात हातात पोछा घेऊन पहारा देत होतं. मला हसू आलं आणि ते लवकर थांबेना. कांताबाईही थोड्या हसल्या, कशाला ते न कळता.

मी त्यांना सांगितलं की ते ध्यान नव्हतं. मेंदूतली वीज मधेच चुकते, त्याला झटका म्हणतात, तुम्ही रोज ऐकता तोच. त्यांनी बिलकुल मानलं नाही. मिरगीवाले लोक त्यांनी या दवाखान्यात पुष्कळ पाहिले होते, आणि म्याडमचा चेहरा तसा नसतो, असं त्या म्हणाल्या. कसा असतो, मी विचारलं. त्यांनी विचार केला आणि सांगितलं, "शांत असतो न् तुमचा. एरवी नसतो एवढा." हे ऐकून मला जे झालं ते मला कुठल्याच नोंदीत बसवता आलं नसतं. मला ती शांत बाई हवीशी वाटली, आणि तिला फक्त कांताबाईंनीच पाहिलं होतं याचा हेवा वाटला.

मंगळवारी रुग्ण संपल्यावर आम्ही दोघी सरांपुढे बसलो. खुर्चीवर बसा म्हटलं तरी कांताबाई आधी बसेनात. सरांनी एकेक विचारायला सुरुवात केली. डोळे उघडे की मिटलेले? उघडे. ओठ? हलतेत, पान चघळल्यावानी. डावा हात? तो असा वाकडा राहतो, ताठ. सर भराभर लिहीत होते आणि मला त्यांच्या पेनाच्या वेगावरूनच कळत होतं की निदान झालं. आणि उजवा, सरांनी विचारलं. कांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं, जणू माझी एखादी खासगी गोष्ट बोलू का म्हणून विचारत होत्या. मी मान हलवली. तेव्हा त्या म्हणाल्या, "उजव्यानं धरतेत त्या."

"काय धरतेत?"

"माझा हात. जवळ कोणी दिसलं का धरतेत. मंग मी उभी राहते. आजवर नऊ-दहा बार धरला आसंल."

माझे कान तापले. तोंड लपवायला जागा असती तर बरं, असं झालं. सरांना त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही. कुठल्या हातानं पकड येते यावरून मेंदूच्या कुठल्या बाजूला दोष आहे ते कळतं, म्हणून ते उलट खूश झाले. किती वेळ धरतात, त्यांनी विचारलं. कांताबाई म्हणाल्या, बराच. बघणाऱ्याला वेळ नेहमी लांब वाटतो, म्हणून सरांनी मोबाइलवरचं घड्याळ सुरू केलं आणि सांगितलं, करून दाखवा. त्या धरतात तसा हात धरू द्या, तेव्हाचं मनात आठवा, आणि तेव्हा जिथं सोडलं होतं तिथं झालं म्हणा.

कांताबाई माझ्या खुर्चीशी आल्या आणि त्यांनी हात पुढं केला. मला कसा धरायचा ते ठाऊक नव्हतं. त्यांनीच माझी बोटं उचलून आपल्या मनगटाभोवती बसवली, अंगठा कुठे असतो तेही सरकवून दाखवलं. त्यांचा हात फिनाइलनं खरखरीत झालेला होता आणि ऊन होता. आमच्या गावी माझ्या आईच्या हातात कुणी काही देत नसे, समोर ठेवत असत आणि ती उचलून घेत असे. हा हात तसं समोर ठेवणाऱ्यांच्याच एका घरातून आला होता, आणि मी तो नऊ-दहा वेळा घट्ट धरला होता, आणि त्यातली एकही वेळ माझ्यापाशी नव्हती. खोलीत घड्याळाचे आकडे पळत होते. मी नाडी मोजल्यासारखी ती मिनिटं मोजायला गेले आणि मोजणं सोडून दिलं. उद्यापासून गोळी चालू होईल. ती लागू पडेल, बहुतेकांना पडते. मग ती शांत चेहऱ्याची बाई येणार नाही आणि कांताबाई दारात उभ्या राहणार नाहीत. मला बरं व्हायचं होतं, आणि त्या क्षणी बिलकुल बरं व्हायचं नव्हतं.

"झालं," कांताबाई म्हणाल्या. सरांनी घड्याळ थांबवलं, एक मिनिट चाळीस सेकंद असं लिहिलं, कागद उलटला आणि गोळीचं नाव लिहायला घेतलं. कांताबाईंनी हात सैल सोडला होता. मी सोडला नव्हता. थोड्या वेळानं सरांचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, खुर्ची मागं सरकवून उठले, वाकून माझ्या डोळ्यांत बघू लागले.

"दीपमाला, ऐकू येतंय का? आज वार कोणता?"

"थांबा सर," कांताबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "आपोआप सोडतेत त्या."

"मंगळवार," मी म्हणाले. "मी पूर्ण शुद्धीवर आहे, सर." हात मात्र मी सोडला नाही.